शाळेतल्या शाळेत वरची जागा : अर्ज कसा करायचा

स्टाफरूमच्या फलकावर परिपत्रक लागतं : ‘पर्यवेक्षक पद ३१ मेपासून रिक्त होत आहे, इच्छुकांनी आठ दिवसांत अर्ज सादर करावेत.’ नोकरीला सहा-सात वर्षं झालेले शिक्षक त्याच दिवशी अर्ज लिहायला बसतात. पण अर्जाच्या आधी एक गोष्ट तपासायची असते. ही जागा सेवाज्येष्ठतेने भरायची आहे की निवडीने? दोन्ही वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. ज्येष्ठतेच्या जागेसाठी मुलाखतीची तयारी करत बसलात तर खरं काम राहून जातं, आणि निवडीच्या जागेसाठी ‘मी सर्वांत जुना’ एवढंच लिहिलंत तर अर्ज बाजूला पडतो.

ज्येष्ठतेची जागा की निवडीची?

मुंबईतल्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांना महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालची १९८१ची नियमावली लागू आहे. मुख्याध्यापकाचं पद कसं भरायचं ते या नियमावलीच्या नियम ३ मध्ये आहे. पात्रता पूर्ण करणारा, सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेला सर्वांत ज्येष्ठ शिक्षक मुख्याध्यापक होतो. उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक या पदांवरही साधारणपणे ज्येष्ठताच चालते. अशा जागेसाठी तुमचा अर्ज म्हणजे उमेदवारी नव्हे. तो हक्काची लेखी नोंद असतो.

अल्पसंख्याक संस्थांचं वेगळं आहे. कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाच्या आणि संस्थेने अधिसूचित केलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींच्या भरतीला या तरतुदी लागू होत नाहीत. मुंबईत अशा शाळा पुष्कळ आहेत. आपल्या संस्थेला अल्पसंख्याक दर्जा आहे का हे कार्यालयात विचारून घ्या, गृहीत धरू नका.

को-ऑर्डिनेटर, विभागप्रमुख, परीक्षाप्रमुख, शाखाप्रमुख ही इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळांमधली पदं नियमावलीत नाहीतच. ती व्यवस्थापन निवडीने भरतं. तिथे अर्ज, नमुना पाठ, मुलाखत असं सगळं रीतसर होतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. बारा वर्षांनी मिळणारी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी म्हणजे पदोन्नती नव्हे. त्यांत वेतनश्रेणी बदलते, पद बदलत नाही. त्यासाठीचं प्रशिक्षण पूर्ण केलं म्हणून पर्यवेक्षकपदावर हक्क येत नाही.

सेवाज्येष्ठता यादी हातात घ्या

ज्येष्ठतेच्या जागेचा निकाल अर्जावर लागत नाही, यादीवर लागतो. नियम १२ प्रमाणे संस्थेने सेवाज्येष्ठता यादी तयार करून कर्मचाऱ्यांना द्यायची असते आणि मिळाल्याची सही घ्यायची असते. प्रत्यक्षात मधल्या सुट्टीत शिपाईकाका यादी घेऊन येतात आणि पुढच्या तासाची घंटा व्हायच्या आत सगळे सही करून मोकळे होतात. असं करू नका. मोबाइलवर फोटो घ्या, घरी जाऊन सावकाश वाचा.

तपासायच्या गोष्टी मोजक्या आहेत : तुमचा प्रवर्ग (जातीचा नव्हे, पात्रतेनुसार ठरणारा शिक्षकांचा गट), त्या प्रवर्गात आल्याची तारीख, जन्मतारीख, पात्रता. नियमावलीच्या अनुसूची ‘फ’मध्ये शिक्षकांचे प्रवर्ग दिले आहेत. माध्यमिक शाळेत पदवी आणि बी.एड. असलेला शिक्षक ‘क’ प्रवर्गात येतो. सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात. नोकरीत असताना बी.एड. पूर्ण केलं, प्रमाणपत्र कार्यालयात दिलं, पण सेवापुस्तकात (नोकरीतल्या नोंदींच्या अधिकृत वहीत) नोंदच झाली नाही. मग यादीत नाव जुन्याच प्रवर्गात राहतं आणि नंतर लागलेले सहकारी वर दिसतात. निकालाची तारीख आणि पदवीदान समारंभाची तारीख यांत काही महिन्यांचं अंतर असतं, म्हणून निकालाची तारीख असलेली गुणपत्रिका जपून ठेवा. प्रवर्गही तोच आणि सलग नेमणुकीची तारीखही तीच असेल, तर वयाने मोठा शिक्षक ज्येष्ठ धरला जातो. एकाच जूनमध्ये एकाच दिवशी चौघे रुजू झालेत अशा शाळांत या एका ओळीवर वर्षानुवर्षं वाद चालतात.

संस्थेच्या एकापेक्षा जास्त शाळा असतील तर मुख्याध्यापकपदासाठी सगळ्या शाळांची ज्येष्ठता एकत्र धरली जाते. रात्रशाळा मात्र त्यातून वगळलेल्या आहेत. दादरच्या शाळेत तुम्ही पहिले असाल, पण संस्थेच्या मुलुंडच्या शाळेतल्या बाई तुमच्या आधी लागल्या असतील तर हक्क त्यांचा. आणि उलट, तुमच्या शाळेत जागा नसली तरी दुसऱ्या शाखेतली जागा तुमच्या वाट्याला येऊ शकते. तेव्हा फक्त आपल्या शाळेची नव्हे, संस्थेची एकत्रित यादी मागा.

चूक दिसली तर लगेच लेखी आक्षेप द्या. व्यवस्थापनाला तो विचारात घ्यावा लागतो. वाद मिटला नाही तर नियमाप्रमाणे तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. मुंबईत माध्यमिक शाळांसाठी हे काम शिक्षण निरीक्षक करतात. दक्षिण, उत्तर आणि पश्चिम असे तीन विभाग आहेत, आणि शाळा ज्या विभागात येते त्याच कार्यालयात जायचं. संस्थेची एखादी शाळा डोंबिवलीला असेल तर तिथला कारभार ठाणे जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे. दोन्हीकडची कागदपत्रं एकमेकांत मिसळू देऊ नका. पद रिक्त झाल्यावर घेतलेला आक्षेप आणि तीन वर्षं आधी घेतलेला आक्षेप यांच्या वजनात फार फरक पडतो.

ही यादी आणखी एका कामाला येते. जागा कधी रिकामी होणार हे तिच्यात आधीच लिहिलेलं असतं. शिक्षकाचं निवृत्तीचं वय ५८ आणि निवृत्ती महिनाअखेरीस. जन्म २ जून १९६८चा असेल तर निवृत्ती ३० जून २०२६ला. जन्म १ जून १९६८चा असेल तर ३१ मे २०२६लाच, कारण १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. पुढच्या पाच वर्षांत कोणत्या महिन्यात कोणती जागा मोकळी होणार हे एका संध्याकाळी मांडता येतं. परिपत्रकाची वाट पाहण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

पात्रता : वर्षं मोजताना होणारी गफलत

माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी पदवी, बी.एड. आणि पदवीनंतरचा माध्यमिक शाळेतला किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो. त्यांपैकी किमान दोन वर्षं बी.एड. नंतरची हवीत. अर्धवेळ किंवा तासिका तत्त्वावरचं काम यात मोजू नका. अनुभव प्रमाणपत्रावर ‘पूर्णवेळ’ हा शब्द आणि ‘पासून-पर्यंत’ अशा दोन्ही तारखा आहेत ना, बघा. आधीची शाळा बंद पडली असेल तर हे प्रमाणपत्र मिळवायला महिने जातात, म्हणून ते आत्ताच काढून ठेवा.

पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांनी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, विचार पुढे ढकलू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालानुसार या शिक्षकांना पदोन्नतीसाठी टीईटी उत्तीर्ण असणं आवश्यक आहे. सेवेची पाचपेक्षा कमी वर्षं राहिलेल्यांना नोकरीत राहण्यापुरती सवलत मिळाली, पदोन्नतीसाठी नाही. अल्पसंख्याक संस्थांना टीईटी लागू आहे का हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला गेला आहे. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी. १५० गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ९० लागतात. तुमचे वर्ग पाचवी आणि सहावी असे दोन्हीकडे असतील तर दोन्ही पेपर देऊन टाका.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचंही थोडक्यात. शिपाई पदावरून कनिष्ठ लिपिक किंवा प्रयोगशाळा पदांकडे जायचं असेल तर शैक्षणिक पात्रता, टंकलेखन आणि एमएस-सीआयटी यांची प्रमाणपत्रं सेवापुस्तकात नोंदवलेली हवीत. प्रमाणपत्र घरच्या कपाटात असून उपयोग नाही.

कागद जुळवणं

परिपत्रक लागल्यावर मिळणारे आठ दिवस कागद शोधण्यात जाऊ नयेत म्हणून एक फाइल कायम तयार ठेवा. तिच्यात पहिला नेमणूक आदेश, शिक्षण निरीक्षकांचा वैयक्तिक मान्यतेचा (तुमच्या नेमणुकीला दिलेल्या मंजुरीचा) आदेश, कायम केल्याचा आदेश, पदवी आणि बी.एड.च्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रं, टीईटी प्रमाणपत्र, सेवापुस्तकाचं पहिलं पान आणि पात्रतेच्या नोंदीची पानं, शेवटची सेवाज्येष्ठता यादी, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आणि लागू असेल तिथे जातवैधता प्रमाणपत्र असावं. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, स्वसाक्षांकित.

तीन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं, नाव. पदवी माहेरच्या नावाने आणि सेवापुस्तक सासरच्या नावाने असेल तर राजपत्रातल्या नावबदलाची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडा. दुसरं, वैयक्तिक मान्यतेचा आदेश. पुष्कळांकडे नेमणूक आदेश असतो पण मान्यतेची प्रत नसते, आणि पदोन्नतीच्या मान्यतेचा प्रस्ताव शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात गेल्यावर पहिली त्रुटी तीच निघते. तिसरं, सेवेतला खंड. बिनपगारी रजा किंवा सुरुवातीच्या तात्पुरत्या नेमणुकांमधलं अंतर सेवापुस्तकात कसं नोंदवलंय ते बघा. ‘खंड क्षमापित’ (खंड माफ केला) अशी नोंद हवी असेल तर तिचा आदेश क्रमांकही हवा.

वर्षातून एकदा मूळ सेवापुस्तक बघायला मागा आणि दुय्यम सेवापुस्तक (तुमच्याकडची प्रत) ताळून घ्या. लिपिकांना दिवाळीच्या सुट्टीआधीचा किंवा निकालानंतरचा आठवडा सोयीचा पडतो. दहावीच्या परीक्षेच्या काळात विचारलंत तर ‘नंतर या’ असंच ऐकायला मिळेल, आणि त्यात त्यांची चूक नाही.

गोपनीय अहवालाबद्दलही जागरूक राहा. ‘समाधानकारक अभिलेख’ हा मुद्दा तिथूनच येतो. प्रतिकूल शेरा लेखी कळवला गेला तर त्याला त्याच वेळी उत्तर द्या. उत्तर न दिलेला शेरा पदोन्नतीच्या वेळी पुन्हा वर येतो.

अर्ज

एक पान पुरतं. वर उजवीकडे तारीख, डावीकडे ‘प्रति, मा. सचिव, (संस्थेचं नाव)’ आणि त्याखाली ‘मार्फत : मा. मुख्याध्यापक’. हा ‘मार्फत’ विसरू नका. थेट संस्थेच्या कार्यालयात दिलेला अर्ज बहुतेक वेळा ‘योग्य मार्गाने यावा’ म्हणून परत फिरतो आणि मुदत निघून जाते.

विषय स्पष्ट असावा : ‘पर्यवेक्षक पदावरील पदोन्नतीबाबत’. मजकूर साधारण असा : ‘दि. … च्या परिपत्रकानुसार पर्यवेक्षक पद दि. … पासून रिक्त होत आहे. मी या शाळेत दि. … पासून सहायक शिक्षक पदावर पूर्णवेळ कार्यरत असून माझ्या नेमणुकीस मा. शिक्षण निरीक्षक यांची मान्यता क्र. … दि. … अन्वये मिळालेली आहे. सेवाज्येष्ठता यादीत मी प्रवर्ग ‘क’मध्ये अनुक्रमांक … वर आहे. माझी शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता … अशी आहे. तरी सदर पदासाठी माझा विचार व्हावा, ही विनंती.’ खाली सही, पूर्ण नाव, पदनाम, शालार्थ (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला) क्रमांक, आणि मग सोबतच्या कागदांची क्रमवार यादी.

यात गुणगान नको. वक्तृत्व स्पर्धेत किती मुलं बक्षिसं घेऊन आली हे ज्येष्ठतेच्या अर्जात लिहायचं नसतं. कुणाची तक्रार तर अजिबात नको. आक्षेप असेल तर त्याचं पत्र वेगळं.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यायची. ‘ठेवून जा, सर आले की देतो’ असं म्हटलं तर थांबा, दुसऱ्या दिवशी परत जा, पण शिक्का घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका. पुढे कधी वाद शाळा न्यायाधिकरणापर्यंत गेलाच तर हा एक कागद बाकीच्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. कुणी शिक्का द्यायलाच तयार नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा.

हक्क सोडण्याचं पत्र

ज्येष्ठ शिक्षकाला घरच्या किंवा तब्येतीच्या कारणाने पद नको असू शकतं. नियमात त्याची सोय आहे : स्वखुशीने हक्क सोडत असल्याचं लेखी संमतिपत्र द्यायचं आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी, म्हणजे मुंबईत शिक्षण निरीक्षकांनी, ते पडताळल्याचा शेरा मारायचा. असं पत्र दिल्याने पुढच्या जागेचा हक्क जात नाही. पुढच्या वेळी पद रिक्त झालं की पुन्हा विचार करावाच लागतो.

तुमच्यावरचे दोघे हक्क सोडणार असं नुसतं बोलणं झालं असेल तर त्यावर विसंबू नका. पडताळणीचा शेरा नसलेलं पत्र प्रस्तावाला जोडलं की प्रस्ताव त्रुटीत निघतो. आणि तुमच्याकडून कुणी तारखेची जागा कोरी ठेवून असं पत्र मागत असेल तर देऊ नका. स्टाफरूममधल्या गोडीगुलाबीत असे कागद दिले जातात आणि पुढे माणसं आयुष्यभर हळहळतात.

नेमणूक झाली तरी काम संपत नाही

शाळा समितीचा किंवा संस्थेचा ठराव होतो, पदोन्नतीचा आदेश मिळतो, पेढे वाटले जातात. पण अनुदानित शाळेत वरच्या पदाचा पगार शिक्षण निरीक्षकांच्या मान्यतेनंतरच सुरू होतो. प्रस्तावासोबत ठराव, आदेश, सेवाज्येष्ठता यादी, आधीच्या पदधारकाचा निवृत्ती आदेश, संमतिपत्रं आणि चालू वर्षाची संचमान्यता, म्हणजे विद्यार्थिसंख्येनुसार शाळेला मंजूर झालेल्या पदांचा आदेश, लागते. संचमान्यता हा इथला कळीचा कागद. ती ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. मुंबईत मराठी माध्यमाच्या बऱ्याच शाळांचा पट उतरतो आहे. पट खाली गेला की पद मंजूरच राहत नाही, आणि मग कितीही ज्येष्ठ असलात तरी मान्यता मिळत नाही. अर्ज करण्याआधी मुख्याध्यापकांना हा एकच प्रश्न विचारा : यंदाच्या संचमान्यतेत हे पद आहे का?

मान्यता येईपर्यंत ‘प्रभारी’ म्हणून काम करावं लागतं. प्रभार घेतल्याने कायम हक्क तयार होत नाही. तुम्ही ज्येष्ठ असताना प्रभार कनिष्ठाकडे दिला गेला असेल तर त्याच आठवड्यात लेखी विचारणा करा. गप्प राहिलात तर तुमची हरकत नव्हती असं मानलं जातं.

मान्यता आल्यावर वेतननिश्चितीचा विकल्प द्यावा लागतो : पदोन्नतीच्या तारखेपासून की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून. मुदत एक महिन्याची. दोन्हींचं गणित लिपिकाकडून कागदावर करून घ्या आणि मगच सही करा.

डावललं गेलं तर

कनिष्ठाला पदोन्नती देऊन तुम्हाला डावललं असेल तर १९७७च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. कनिष्ठाच्या आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत अपील दाखल करायचं, असं धरून चाला. विलंब झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. ‘संस्थेशी बोलणी चालू होती’ या कारणावर भिस्त ठेवू नका. बोलणी चालू ठेवा आणि त्याच वेळी वकिलालाही भेटा.

निवडीच्या जागांसाठी

विनाअनुदानित शाळांमध्ये सूचना बहुधा ई-मेलने येते आणि मुदत आठवडाभराची असते. अर्ज करण्याआधी आपल्या सध्याच्या वरिष्ठांना स्वतः सांगा. त्यांना ते मुलाखत समितीच्या तोंडून कळलं तर मन दुखावतं आणि शिफारसही जाते.

इथे अर्जात काम दाखवायचं असतं. ‘परीक्षा विभागात मदत केली’ याऐवजी ‘आठवी-नववीच्या सहा तुकड्यांचं घटक चाचणीचं वेळापत्रक सलग दोन वर्षं केलं, प्रश्नपत्रिका तपासणीची यादी बनवली’ असं लिहा. दोन पानांपेक्षा जास्त नको. नमुना पाठ घ्यायला सांगितला तर २०-२५ मिनिटांत एकच उद्दिष्ट पुरं करा. को-ऑर्डिनेटरच्या मुलाखतीत एक प्रश्न जवळपास ठरलेला असतो : कालपर्यंत बरोबरीने बसणाऱ्या सहकाऱ्याचं काम कमी पडत असेल तर त्याला कसं सांगाल? याचं उत्तर आधी नीट विचार करून ठेवा.

तुम्हीही विचारा : आठवड्याच्या तासिका किती कमी होणार, सुट्टीत किती दिवस यावं लागेल, पगारात फरक किती, आणि पद जमलं नाही तर मूळ जागेवर परत येता येईल का. उत्तरं तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी ई-मेलने आभार मानताना ती लिहून पाठवा.

एक धोका गंभीर आहे. त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाखेत वरची जागा देताना ‘इथला राजीनामा द्या, तिथे नव्याने रुजू व्हा’ असं सांगितलं जातं. नवी नेमणूक म्हणजे पुन्हा दोन वर्षांचा परिवीक्षा काळ येऊ शकतो. ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षांची सेवाही तुटू शकते. राजीनाम्याऐवजी बदलीचा आदेश मागा, आणि त्यात ‘सेवा सलग धरली जाईल’ हे वाक्य असू द्या. भविष्य निर्वाह निधीचं खातं त्याच यूएएनवर (निधीच्या कायम क्रमांकावर) चालू राहील हेही पाहा.

पदभार घेताना

जागा कोणत्याही वाटेने मिळो, पदभार यादीशिवाय घेऊ नका. मुख्याध्यापकपद असेल तर जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही), कॅशबुक, बँकेची पासबुकं आणि वापरलेली-कोरी चेकबुकं, जडवस्तू संग्रह (शाळेच्या सामानाची) नोंदवही, कोऱ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांची पुस्तकं, सेवापुस्तकं, शिक्के आणि किल्ल्या यांची यादी करा. दाखल्यांच्या पुस्तकांचे अनुक्रमांक वाचून टिपा, जनरल रजिस्टरमधला शेवटचा नोंद क्रमांक लिहा, आणि कॅशबुकातली शिल्लक हातात मोजा. जी वस्तू दिसली नाही तिच्यासमोर ‘आढळली नाही’ असं लिहा. मग देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, तारीख, वेळ, आणि एक प्रत स्वतःच्या फाइलला.